वाटेत थांबणारे विमान आणि वागळे इस्टेटचा माल

वागळे इस्टेट ही महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली औद्योगिक वसाहत. येथे आणि मुंब्रा, राबोडी, कल्याण, भिवंडी परिसरात आपले अनेक बांधव सुटे भाग, साचे, छपाई व तयार कपड्यांच्या धंद्यात आहेत. परदेशी जाणारा बहुतेक माल जहाजाने जातो. परंतु नमुना, तातडीचा सुटा भाग किंवा ईदपूर्वी पोहोचलाच पाहिजे असा कपडा विमानानेच धाडावा लागतो. म्हणून विमान कंपन्यांनी दूरच्या फेऱ्या प्रादेशिक विमानतळांवर थांबवीत न्याव्यात काय, हा आपल्याही तिजारतीचा प्रश्न आहे.

वाटेत थांबणे नवे नाही. 8 जून 1948 रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे पहिले परदेशी विमान कैरो व जिनिव्हा येथे थांबत लंडनला गेले. पुढे विमानांचा पल्ला वाढला आणि थांबे गळाले. तरी गरज कधीही परत येते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्नात उतरून इंधन घ्यावे लागले.

आता हिशेब पाहू. थांबा म्हणजे उतरण्याचे शुल्क, वाया जाणारा वेळ आणि पुन्हा उड्डाण करताना जळणारे जादा इंधन. हा झाला तोटा. पण फार लांबच्या थेट फेरीत विमान इंधनानेच जड होते. उड्डाणाच्या वजनाला मर्यादा असते. ती पाळण्यासाठी प्रवाशाला सहसा उतरवीत नाहीत, माल मागे ठेवतात. अशा फेरीत एक थांबा घेतला तर इंधन कमी भरता येते आणि पोटात माल जास्त मावतो. म्हणजे प्रवाशाला जो थांबा कंटाळवाणा, तोच व्यापाऱ्याला फायद्याचा ठरू शकतो.

दुबई, जेद्दाह यांसारख्या जवळच्या शहरांना मात्र ही गोष्ट लागू नाही. तेथे इंधनासाठी थांबण्याचे कारणच नाही. थांब्यावर नवे प्रवासी आणि नवा माल चढला, तरच तो परवडतो.

लहान विमानतळावरून थेट फेरी काढली की स्वस्त पडेल, हाही समज खरा नाही. 2023 च्या हज प्रवासात औरंगाबादहून (आजचे छत्रपती संभाजीनगर) निघालेल्या यात्रेकरूंना मुंबईपेक्षा 80 हजार रुपयांहून अधिक रक्कम मोजावी लागली. घराजवळून विमान मिळाले, पण किंमत जबर. पूर्ण विमानाचा खर्च थोड्या लोकांवर पडला की भाडे चढते. नागपूर किंवा औरंगाबादहून निघालेले विमान मुंबईत थांबून आणखी लोक व माल घेऊन पुढे गेले, तर हा बोजा वाटला जाईल.

येथे कायद्याची अडचण लक्षात ठेवावी. परदेशी कंपनीला भारतातील दोन शहरांमध्ये तिकिटे वा मालवाहतूक विकता येत नाही. शिवाय तिने कोणत्या शहरात उतरावे हे दोन सरकारांच्या करारात ठरते. त्यामुळे नागपूर-मुंबई हा टप्पा परदेशी कंपनी रिकाम्या जागांनिशी उडवील आणि लवकरच बंद करील. हे काम भारतीय कंपन्यांनाच करता येईल.

8 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले व 25 डिसेंबरपासून उड्डाणे सुरू झाली. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला 2 कोटी प्रवासी व 5 लाख टन माल अशी सांगितली आहे. राज्यातील इतर शहरांचा माल गोळा करून पुढे नेण्यासाठी ही जागा योग्य आहे आणि वागळे इस्टेटला सहारखेरीज दुसरा दरवाजा मिळाला आहे.

आमचे मत असे की, थांबे जरूर वाढवावेत, पण ज्या विमानतळावर कस्टम्सची तपासणी, माल ठेवण्याची गोदामे आणि आठवड्याचे ठरलेले वार आहेत, तेथेच. केवळ जिल्ह्याच्या मानासाठी सुरू केलेली फेरी व्यापाऱ्याला मध्येच सोडून देते.

आपणही हातावर हात ठेवून बसू नये. विमान कंपनी मालाचे वजन पाहते, अर्ज पाहत नाही. एकाच देशाला माल पाठविणाऱ्या चार-पाच कारखानदारांनी एकाच एजंटमार्फत माल एकत्र पाठवावा. मोठ्या वजनाला दर कमी लागतो. एजंटला विचारावे: माल वाटेत कोठे उतरतो? दुसऱ्या विमानात चढवावा लागतो काय? पुढचे विमान चुकल्यास गोदामाचे भाडे कोण देणार? वर्षभरात विमानाने किती किलो माल, कोणत्या शहराला गेला, याची नोंद ठेवून ती ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशनसारख्या संघटनेकडे द्यावी. शंभर कारखान्यांचे असे आकडे एकत्र आले, तर विमान कंपनीला आपल्याकडे पाहावेच लागेल. मेहनत आपण करतोच, तिच्यासोबत हिशेबही ठेवला तर रोजीत बरकत येईल.