व्हिजिटर व्हिसा नाकारतात म्हणजे नक्की काय करतात?

आपल्या होस्टेलवर ‘व्हिसा’ म्हटलं की एमएसला निघालेले सीनिअर्स आणि त्यांचा एफ-वन आठवतो. मी लिहितेय ते दुसऱ्या व्हिसाबद्दल, जो आपले आईवडील आणि आजी-आजोबा मागतात. लेकाकडे किंवा लेकीकडे दोन-तीन महिने जाऊन यायचं, बस्स. तो नाकारला की घरातले सगळे एकदम गप्प होतात. का नाकारला ते कुणालाच धड सांगता येत नाही आणि मग गावभर तर्क सुरू होतात. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मराठीत मध्येमध्ये इंग्रजी शब्द डोकावतील. सांभाळून घ्या!

सुरुवात आमच्या जुन्नरपासून करते. १४७० च्या सुमारास अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौल बंदरात उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. त्याच्याजवळ विकायला आणलेला एक घोडा होता. तेव्हा इथे बहामनी राज्य होतं. जुन्नरच्या असदखानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि चार दिवसांची मुदत दिली. धर्म बदललास तर घोडा परत, वर हजार मोहरा. नाही बदललास तर घोडा गेलाच, वर हजार मोहरा दंड! शेवटी खोजा महंमद नावाच्या खुरासानी माणसाने खानाकडे शब्द टाकला, तेव्हा कुठे तो सुटला. हे सगळं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. त्याच्यावर १९५७ साली ‘परदेसी’ नावाचा भारत-सोव्हिएत सिनेमाही निघाला.

तेव्हा पासपोर्ट नव्हता, व्हिसा नव्हता. परक्या माणसाचं काय करायचं हे समोरच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर होतं आणि ओळखीचा माणूस कामाला येत होता. आज कायदा आहे, फॉर्म आहे, फी आहे. तरी शेवटचा निर्णय काउंटरपलीकडच्या एका माणसाचाच असतो. फरक एवढाच की आता त्याच्या निर्णयामागे एक लेखी नियम आहे. तो नियम समजून घेतला की अर्धं कोडं सुटतं.

नल हायपोथेसिस

अमेरिकेचं उदाहरण घेऊ. तिथल्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात २१४(बी) हे कलम आहे. त्याचा अर्थ असा: व्हिजिटर व्हिसा मागणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच येतोय असं आधी गृहीत धरायचं, आणि तसं नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचं. कोर्टात आरोपीला आधी निर्दोष मानतात. इथे नेमकं उलटं आहे.

मॅथ्सच्या पेपरातलं हायपोथेसिस टेस्टिंग आठवा. नल हायपोथेसिस आहे ‘हा माणूस परत जाणार नाही’. ती रिजेक्ट होण्याइतका पुरावा आपण द्यायचा. नाही दिला, तर अधिकाऱ्याने ‘तुम्ही खोटारडे आहात’ असं म्हटलेलं नसतं. पुरावा पुरेसा वाटला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

यात दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. परत न येणाऱ्याला व्हिसा दिला, तर ती चूक पुढे त्यांच्या रेकॉर्डवर दिसते. परत येणाऱ्याला नाकारला, तर ती चूक कुठल्याच रेकॉर्डवर दिसत नाही. ती दिसते फक्त आपल्या घरात. शंका आली की अधिकारी कुठल्या बाजूला झुकत असेल, हे वेगळं सांगायला नको.

आमच्या घरची गोष्ट

माझे आजोबा जुन्नर तालुक्यातले, आजीचं माहेर आंबेगाव तालुक्यात मंचरजवळ. काका परदेशात. काकाला मुलगी झाली म्हणून दोघांनी अर्ज केला. देशाचं नाव महत्त्वाचं नाही. फाइल तीन इंच जाड होती. मुलाखत तीन मिनिटंही चालली नाही आणि फाइल कुणी उघडलीच नाही.

विचारलं ते एवढंच: मुलगा किती वर्षं तिकडे आहे? तुम्ही काय करता? किती दिवस राहणार? शेवटच्या प्रश्नाला आजोबा म्हणाले, “आम्ही काय, म्हातारी माणसं. मुलगा म्हणेल तेवढे दिवस राहू.”

आता आपल्याकडे हे अत्यंत सभ्य उत्तर आहे. यजमानाच्या घरी पाहुणा स्वतःहून मुक्काम ठरवत नाही. आपण तर निघतानाही ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो! पण व्हिसाच्या भाषेत या वाक्याचा अर्थ होतो: परतीची तारीख ठरलेली नाही, ती तिकडे राहणारा मुलगा ठरवणार. नल हायपोथेसिस जशीच्या तशी उभी.

शेतकऱ्याचा कागद का बोलत नाही?

दुसरी अडचण कागदांची. ‘परत यायचं कारण’ दाखवायला नोकरदाराकडे पगाराची स्लिप असते, रजेचं पत्र असतं, इन्कम टॅक्स रिटर्न असतो. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, म्हणून बहुतेक शेतकरी रिटर्न भरत नाहीत. सातबारावर आजोबांबरोबर भावांची नावं, सगळं सामाईक. त्यातलं यांचं किती, हे त्या एका कागदावरून परक्या माणसाला कसं कळणार?

पैशाचंही तसंच. टोमॅटो नारायणगावच्या मार्केटला जातो. आडत्याकडून पट्टी मिळते आणि पैसे हंगामातच येतात. बँकेच्या स्टेटमेंटवर आठ महिने शुकशुकाट आणि मग अचानक उडी. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटोचे भाव कडाडले तेव्हा आपल्याकडच्या कित्येक खात्यांत अशी उडी दिसली असेल. आपल्याला ती कष्टाची कमाई दिसते. अधिकाऱ्याला शंका येते की अर्जापुरते कुणाकडून तरी आणून भरलेत. ती शंका फेडणारा कागद म्हणजे पट्टी, आणि तीच कुणी जोडत नाही!

अजून एक गैरसमज. ‘मुलाचा पगार भरपूर आहे, त्याचं स्पॉन्सर लेटर लावलंय, मग काय प्रॉब्लेम?’ अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाला निमंत्रणपत्राची अट नाही आणि त्यावर निर्णयही ठरत नाही. बघितलं जातं ते अर्जदाराचं इथलं बस्तान. मुलगा तिकडे जितका स्थिरावलेला, तितकं ‘मग हे परत का येतील?’ हा प्रश्न मोठा होतो. खोजा महंमदाचा शब्द इथे चालत नाही.

नकार कुठे कसा मिळतो?

अमेरिका: २१४(बी) लिहिलेला छापील कागद मिळतो. सविस्तर कारण नाही, अपील नाही. पण बंदीही नाही. पुन्हा केव्हाही अर्ज करता येतो, फक्त फी नव्याने भरायची. जून २०२३ पासून ती माणशी १८५ डॉलर आहे आणि नाकारलं तरी परत मिळत नाही. २२१(जी) लिहिलेला कागद मिळाला तर घाबरू नका. त्याचा अर्थ बहुतेक वेळा कागद किंवा तपासणी बाकी आहे असा असतो.

ब्रिटन: पत्रात कारणं लिहून देतात. नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्यांना पूर्वी अपिलाचा पूर्ण हक्क होता, तो २०१३ साली काढून घेतला. आता सर्वसाधारणपणे नवा अर्ज हाच रस्ता.

शेंगेन देश: एक ठरावीक फॉर्म असतो, त्यात कारणापुढे खूण करून देतात. इथे अपिलाचा हक्क आहे, पण मुदत आणि पद्धत प्रत्येक देशाची वेगळी. फी जून २०२४ पासून ९० युरो. किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो.

मग करायचं काय?

पहिलं, नकाराचा कागद फाडून टाकू नका. पुढचा अर्ज त्यावरच बेतायचा असतो.

दुसरं, काहीही न बदलता पंधरा दिवसांत तोच अर्ज पुन्हा केला तर उत्तर बहुधा तेच येतं. निदान एक गोष्ट नवीन दिसली पाहिजे.

तिसरं, ‘पूर्वी कधी व्हिसा नाकारला होता का?’ या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं. नकार हा डाग नाही, लपवणं हा डाग आहे. फसवणूक सिद्ध झाली तर ब्रिटन दहा वर्षं दार बंद करू शकतं, अमेरिका कायमचं. ‘खात्यावर बॅलन्स दाखवून देतो’ म्हणणारे एजंट तालुक्याच्या गावीही भेटतात. त्यांना लांबूनच नमस्कार!

चौथं, पट्ट्या गोळा करा. गावाकडे त्या तारेला टोचून ठेवलेल्या असतात. दोन-तीन वर्षांच्या पट्ट्या, सातबारा, आठ-अ आणि बँक स्टेटमेंट यांचा मेळ एका पानावर मांडा आणि इंग्रजीत समजावून सांगा. हे काम आपण इंजिनिअरिंगवाले सहज करू शकतो. मात्र मुलाखतीत फाइल उघडली जाईलच असं नाही, म्हणून फॉर्ममध्ये भरलेली माहिती आणि तोंडी उत्तर एकच हवं.

आमच्याकडे कांदा निघाल्यावर पुन्हा अर्ज करायचं ठरलंय. आजोबांना उत्तरं पाठ करायला लावलेली नाहीत. फक्त एवढंच ठरलंय की किती दिवस विचारलं तर खरी तारीख सांगायची, कारण ऑक्टोबरमध्ये द्राक्षाची छाटणी असते आणि ती त्यांच्याशिवाय होत नाही. हे खरंच आहे, पण गेल्या वेळी ते सांगायचं असतं हेच त्यांना माहीत नव्हतं. आजीने नातीसाठी शिवलेली गोधडी कुरिअरने केव्हाच पोचली. ती स्वतःच्या हाताने पांघरायला मिळावी, एवढीच तिची इच्छा आहे.

तुमच्यापैकी बरेच जण उद्या बाहेर जाल आणि कॉन्व्होकेशनला आईबाबांना बोलवाल. तेव्हा तिकिटं नंतर बघा. आधी त्यांच्याजवळ बसून शांतपणे विचारा, “बाबा, तुम्ही परत कशासाठी येणार?” त्यांचं जे उत्तर येईल, त्याचाच अर्ज करायचा असतो.