पायबंद

साठेबाजीला पायबंद, वाळूउपशाला पायबंद, अशा मथळ्यांतून हा शब्द आज रोज डोळ्यांखालून जातो. पागेतल्या मोतद्दाराला मात्र पायबंद म्हणजे हातात धरायची वस्तू होती: घोड्याचे मागचे पाय जखडायची दोरी.

ठाणावर घोडा दोन्हीकडून बांधत. तोंडाला मोहरकी चढवून तिच्या दोऱ्या पुढच्या मेखांना अडकवायच्या, ही अगाडी. मागच्या पायांत, खुरांच्या वर फासे घालून त्यांची लांब दोरी पाठीमागच्या मेखेला ताणायची, ही पिछाडी किंवा पायबंद. फासा मऊ आणि रुंद हवा, नाहीतर कातडी सोलते. दोरी फार ताणली तर पायांच्या शिरा दुखावतात आणि सैल राहिली तर लाथ बसते. घोड्याची जात ओळखून ताण ठरवणं हे मोतद्दाराचं कसब, आणि त्या कसबाची नोंद इतिहासात फारशी कुणी केली नाही याचं मला वाईट वाटतं.

एवढा बंदोबस्त लागे, कारण आपल्याकडच्या फौजांत न खच्ची केलेले घोडे भरपूर असत. शेजारी घोडी दिसली की ते उधळत, दुसरा घोडा दिसला की भिडत. सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या अखेरची. तिच्यात शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे: 25 बारगिरांवर, म्हणजे सरकारी घोड्यांवरच्या स्वारांवर, एक हवालदार, आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पाणी वाहणारा पखालजी व एक नाल ठोकणारा नालबंद. अशी पथकं एका तळावर दाटीने उतरली की पायबंदाशिवाय रात्र निभणं कठीण.

शब्द फारसी आहे. तिथेही ‘पाय’ म्हणजे पायच. फारसी आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, म्हणून फारसीतला पाय आणि ‘पाद’वरून आलेला आपला पाय हे सख्खे नसले तरी चुलतभाऊ. नालबंद, कमरबंद यांच्यासारखाच हाही मराठीत सहज मुरला.

इराणात ही रीत फार जुनी. इसवी सनापूर्वी 401 साली ग्रीक सैन्याबरोबर इराणी साम्राज्यात गेलेल्या झेनोफनने लिहून ठेवलंय की इराणी फौज रात्री निकामी असते. घोडे बांधलेले, बहुतेकांचे पायही जखडलेले. अचानक छापा आला तर अंधारात आणि गोंधळात खोगीर घाला, लगाम चढवा, चिलखत घाला, मग स्वार व्हा. म्हणून इराणी सैन्य ग्रीकांपासून सुमारे 11 किलोमीटर दूर मुक्काम करी. शत्रूच्या घोड्यांचे पाय कसे बांधलेत हे पाहून त्याचं बळ जोखणारा हा माणूस खरा जाणता स्वार होता.

लगाम धावत्या घोड्यासाठी असतो, तर पायबंद उभ्या घोड्यासाठी. पायबंदाने घोड्याची ताकद जात नाही, त्याचा आवाका तेवढा आखला जातो. मुरूडजवळच्या कासा खडकावर महाराजांनी पद्मदुर्ग उभारला तो जंजिऱ्याच्या सिद्दीला पायबंद घालायला, असं आपण म्हणतो, तेव्हा शब्द अगदी नेमका बसतो. जंजिरा पडला नाही. सिद्दीचं आरमारही बुडालं नाही. पण त्याच्या दारातच मराठ्यांची मेख ठोकली गेली, आणि समुद्रात उतरताना तिच्याकडे पाहूनच त्याला पाऊल टाकावं लागलं.