विरजण हललं आणि कॉम्प्युटर बिघडला

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेदहाला लॅपटॉप मिटताना ‘अपडेट करून बंद करा’ असं पडद्यावर आलं आणि मी सवयीनं ‘हो’ म्हटलं. आमच्या लॅपटॉपच्या बॅटरीनं मान टाकून दीड वर्ष झालं. तो सदा वायरीवरच चालतो. टक्क्यांचा आकडा हळूहळू वर चढत होता. मी दुधाला विरजण लावायला आत गेले, आणि तेवढ्यात वीज गेली.

सकाळी बटण दाबलं. कंपनीचं चिन्ह आलं, त्याखाली ठिपके गोल गोल फिरले, पडदा काळा झाला. पुन्हा चिन्ह, पुन्हा ठिपके, पुन्हा काळोख. डबा भरेपर्यंत असं सात-आठ वेळा झालं.

त्यात शाळेच्या प्रश्नपत्रिका होत्या. त्या काय, पुन्हा काढता येतात. पण त्यातच मामंजींचं लिखाण होतं. मामंजी रेल्वेत गार्ड होते, मिरजेच्या मीटरगेज गाड्यांवर. दोन वर्षं रोज दुपारी तासभर ते सांगत आणि मी टाईप करत असे. एकशेचाळीस पानं झाली होती. अलीकडे त्यांचं विसरणं वाढलं आहे, सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही. ती पानं गेली असती तर ती पुन्हा सांगणारं कोणी उरलं नव्हतं. आणि त्याची दुसरी प्रत? नव्हती. ह्यांनी दोनदा सांगितलं होतं, पेनड्राइव्हवर घेऊन ठेव म्हणून. ‘ठेवते हो’ म्हणून मी दोन्ही वेळा चहा टाकायला गेले होते.

दुकानात फोन केला. “वहिनी, फॉरमॅट मारावा लागेल. संध्याकाळी देतो.”

“आणि आतलं लिखाण?”

“ते जाणार. बॅकअप असेल ना तुमच्याकडे?”

मी फोन ठेवला. दुपारी मामंजींनी नेहमीप्रमाणे खुर्ची सरकवली, “आज लिहायचं ना?” मी म्हटलं, वीज नाही. डोक्यावर पंखा फिरत होता. त्यांनी एकदा वर पाहिलं, आणि काही बोलले नाहीत.

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता इंजिनिअरिंगला आहे. तिला फोन लावला तर ती पहिलं वाक्य बोलली ते हे : “बाई, काहीही करा, पण फॉरमॅट करू देऊ नका. तुमचं लिखाण जागच्या जागी असणार. बिघडलंय ते विंडोज.”

पुढं तिनं जे समजावलं ते मला माझ्या भाषेत असं कळलं. कॉम्प्युटर चालू असताना विंडोजला स्वतःच्या कित्येक फाइली बदलता येत नाहीत, कारण त्या वापरात असतात. म्हणून जुन्या काढून नव्या बसवायचं काम तो बंद होताना आणि पुन्हा सुरू होताना उरकून घेतो. नेमकी तेव्हाच वीज गेली की अर्ध्या फाइली जुन्या, अर्ध्या नव्या. विरजण लागत असताना पातेलं हलवावं तसं होतं. दूधही राहत नाही आणि दहीही होत नाही. मग तो सुरू व्हायला बघतो, जमत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

पण एक लक्षात ठेवायचं. ‘बदल मागे घेत आहोत, बंद करू नका’ अशी अक्षरं दिसत असतील तर ते चक्र नव्हे. तो आपली चूक आपणच निस्तरतो आहे. त्याला तास-दोन तास लागले तरी हात लावू नये. धीर सुटून मध्येच बटण दाबणाऱ्या आपणच असतो! आमच्याकडे अक्षरं नव्हतीच, नुसतं चिन्ह आणि काळोख. म्हणजे हात घालायलाच हवा होता.

आधी प्रिंटरची वायर, माउसचं बटणाएवढं यंत्र, सगळं काढून ठेवलं. कधी कधी अडकलेला पेनड्राइव्हच सुरुवातीला आडवा येतो म्हणे. मग चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, लॅपटॉप पूर्ण बंद झाला. पुन्हा चालू केला, चिन्ह दिसताच पुन्हा तसाच दाबून बंद. हे मला अगदी जिवावर आलं होतं, आजाऱ्याला गदागदा हलवावं तसं. पण त्यात युक्ती आहे. दोन-तीन वेळा सुरुवात फसली की विंडोज आपण होऊन दुरुस्तीची खोली उघडतं. तिसऱ्या खेपेला ‘ऑटोमॅटिक रिपेअर’ ही अक्षरं आली आणि थोड्या वेळानं निळा पडदा.

त्या पडद्यावर आधी ‘ट्रबलशूट’ आणि मग ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडायचं. तिथं सात-आठ चौकोन असतात. पहिल्यांदा ‘स्टार्टअप रिपेअर’ केलं. पंधरा मिनिटं खटपट करून त्यानं दुरुस्ती जमत नसल्याचं सांगितलं. माझ्या पोटात गोळा आला. फोनवरची पोरगी मात्र शांत. म्हणाली, “हे बहुतेक वेळा असंच म्हणतं बाई. आता ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ बघा.”

त्यात दोन नावं येतात. ‘क्वालिटी अपडेट’ म्हणजे महिन्याच्या महिन्याला येणारं छोटं, ‘फीचर अपडेट’ म्हणजे वर्षाकाठचं मोठं. आमचं छोटं होतं, तेच निवडलं. आणि तिथं नवीनच संकट उभं राहिलं. त्यानं अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागितली!

मैत्रिणींनो, हे नीट वाचा, कारण आमचा अर्धा दिवस इथंच गेला. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये आतली डिस्क आपसूकच कुलूपबंद होते. ‘बिटलॉकर’ म्हणतात त्याला. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराला आतलं वाचता येऊ नये म्हणून ही सोय. पण त्याची किल्ली लॅपटॉप घेताना ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर नोंद केली त्या खात्यात असते, आणि ते खातं कोणाचं, पासवर्ड काय, हे कोणाच्या लक्षात असतं? आमचं निघालं ह्यांच्या जुन्या ई-मेलचं. हे कोल्हापूरला. रात्री आठला घरी आल्यावर मोबाईलवर ते खातं उघडलं, सहा-सहा आकड्यांचे आठ गट मिळाले. हे वाचत गेले, मी दाबत गेले. एक आकडा चुकला तेव्हा आमचं भांडणही झालं, ते इथं लिहीत नाही.

किल्ली लागली. अपडेट निघायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. मग चिन्ह आलं, ठिपके फिरले, आणि पडद्यावर आमचा रंकाळ्यावरचा फोटो आला. मी आधी मामंजींची फाइल उघडली. शेवटच्या पानावरचं शेवटचं वाक्यसुद्धा होतं.

आमचं इथं भागलं. नसतं भागलं तर आणखी वाटा होत्या. ‘सिस्टीम रिस्टोअर’नं यंत्र आधीच्या एखाद्या तारखेच्या स्थितीत नेता येतं, आपल्या फाइलींना त्यात धक्का लागत नाही. मात्र ती तारीख आधी नोंदलेली असावी लागते. ‘स्टार्टअप सेटिंग्ज’मधून चार आकडा दाबला की ‘सेफ मोड’, म्हणजे अगदी गरजेपुरतं विंडोज. तेवढं उघडलं तरी फाइली उतरवून घेता येतात. सगळ्यात शेवटी ‘रीसेट’. तिथं ‘कीप माय फाइल्स’ हेच निवडायचं. वरून बसवलेले प्रोग्रॅम जातात, लिखाण-फोटो राहतात. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’च्या वाटेला जायचं नाही. आणि दुकानातच न्यायचं झालं तर दारातच सांगावं : आधी आतलं काढून द्या, मग काय ते करा. डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून फाइली काढता येतात, दुकानदारांना हे ठाऊक असतं. कुलूपबंद डिस्क असेल तर किल्ली तिथंही लागते, तेव्हा ती आजच मोबाईलवर शोधून डायरीत उतरवा. दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत नको, ती रद्दीत जाते.

आपणच तेवढ्या अडाणी, असं वाटून घ्यायचं कारण नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीनं कॉम्प्युटरच्या राखणीसाठी पाठवलेल्या अपडेटमध्येच खोट निघाली आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर असेच कोलमडले. त्यांतले कितीतरी पुन्हा पुन्हा सुरूच होत राहिले. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. कंपनीनं चूक तासा-दीड तासात सुधारली, पण तोवर अडकलेल्या यंत्रांपैकी बहुतेकांना त्याचा उपयोग नव्हता. प्रत्येक यंत्राजवळ माणूस बसवून, ‘सेफ मोड’मध्ये जाऊन, ती एक फाइल पुसावी लागली. मोठमोठ्या बँका, इस्पितळं, सगळ्यांची तीच गत!

दुसऱ्या दिवशी मी सेटिंगमध्ये जाऊन अपडेट आठवडाभर थांबवलं. कायमचं थांबवू नये, चोराचिलटांपासून राखण त्यातूनच होते. नवी बॅटरी आणली. रविवारी सकाळी, वीज स्थिर असताना, डिस्कमध्ये जागा आहे ना ते पाहून तेच अपडेट पुन्हा घेतलं आणि ते पूर्ण होईपर्यंत शेजारी गवार निवडत बसले. काही झालं नाही.

त्याआधी अर्थात मामंजींचं लिखाण पेनड्राइव्हवर घेतलं, दुसरी प्रत ह्यांच्या ऑफिसच्या कपाटात गेली, आणि कोपऱ्यावर जाऊन सगळी पानं छापून आणली. गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला. चष्मा पुसून ते बराच वेळ वाचत होते. चाळिसाव्या पानावर बोट ठेवून म्हणाले, “सूनबाई, गाडी अडली ते भिलवडी नव्हे. नांद्रे.”

मी तिथल्या तिथं दुरुस्त केलं. कागदावर, लॅपटॉपवर, आणि पेनड्राइव्हवरही.