डिझेल गाडीचा धूर व वार्षिक तपासणी

माणदेशांत पूर्वीं खिलारी बैलांची जोडी हें शेतकऱ्याचें वैभव समजलें जाई. आज म्हसवड, दहिवडी, गोंदवलें या भागांत डाळिंबाचे क्रेट, शेळ्यामेंढ्या, चारा व घरचीं माणसें वाहून नेणारी डिझेल गाडी पुष्कळ घरीं दिसते. बैलास वैरण-पाणी लागतें हें कोणास शिकवावें लागत नाहीं. परंतु गाडीस स्वच्छ हवा लागते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानीं नसते. मग तपासणीच्या दिवशीं धुराचा आंकडा मर्यादेबाहेर जातो, व ऐन माल काढणीच्या वेळीं गाडी दारांत उभी राहते. असा प्रसंग येऊं नये म्हणून चार गोष्टी येथें सांगण्याचें योजिलें आहे.

तपासणी कशी होते? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील ११५ व्या नियमान्वयें ही तपासणी होते. भारत स्टेज-४ व त्यापुढील गाड्यांस प्रमाणपत्र एक वर्षाचें, व त्यापूर्वींच्या गाड्यांस सहा महिन्यांचें मिळतें. गाडी जागेवर उभी ठेवून, इंजिन गरम असतां, पायदान झटकन् पूर्ण दाबतात, व सायलेन्सरच्या तोंडांत नळी घालून धुरांतून प्रकाश किती अडतो तें यंत्रानें मोजतात. असें कांहीं वेळां करून सरासरी काढतात. जुन्या गाड्यांस ६५ व भारत स्टेज-४ च्या गाड्यांस ५० हार्ट्रिज ही मर्यादा आहे. प्रमाणपत्रावाचून गाडी चालविल्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमाखालीं दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो.

धूर कां होतो? डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवितात कीं, तींत उडविलेला डिझेलचा बारीक तुषार आपोआप पेटतो. चुलींत लांकडें कोंबलीं व फुंकणी बाजूस ठेविली म्हणजे घर धुरानें भरतें, येथेंही तसेंच. हवा कमी पडली, किंवा तुषार बारीक न होतां धार पडली, तर डिझेल अर्धवट जळून काळी काजळी बाहेर पडते. निळसर धूर म्हणजे इंजिनाचें वंगण तेल जळत आहे. पांढरा धूर थंड इंजिनांत थोडा वेळ दिसल्यास चिंता नाहीं. परंतु इंजिन तापल्यावरही राहिल्यास डिझेल न जळतां जात आहे, अथवा रेडिएटरचें पाणी आंत शिरत आहे, असें समजावें.

आमच्या भागांतील पहिला शत्रु धूळ होय. पाऊस थोडा, रानवाटा फुफाट्याच्या. त्यामुळें कंपनीच्या पुस्तकांत सांगितलेल्या मुदतीच्या पुष्कळ आधींच हवेचा फिल्टर तुंबतो. तो वरचेवर उघडून पाहावा. कागदी फिल्टर पाण्यानें धुवूं नये; हवेच्या झोतानें साफ करावयाचा तर झोत हलका व आंतून बाहेर द्यावा, आणि कागद काळवंडला वा फाटला असल्यास फिल्टर बदलावा. फिल्टरपासून टर्बोपर्यंतची व तेथून इंजिनापर्यंतची रबरी नळी चिरली नाहीं ना, हेंही पाहावें. त्या चिरेनें हवा गळली कीं धूर वाढतो.

दुसरा शत्रु घाणेरडें डिझेल. पंपसेटसाठीं पिंपांत सांठविलेलें डिझेल गाडींत ओतण्याची संवय पुष्कळांस आहे. पिंपाच्या तळाशीं पाणी व गाळ असतो, व त्यानें नोझल खराब होतात. डिझेल फिल्टरखालचें पाणी वेळोवेळीं सोडावें. रॉकेल मिसळून पैसे वांचविण्याचा मोह धरूं नये. जुन्या गाडीचा पंप "ताकद वाढवितो" म्हणून पिळून घेणेंही तसेंच; ताकद थोडी वाढते, धूर व खर्च मात्र फार.

भारत स्टेज-६ च्या, म्हणजे १ एप्रिल २०२० पासूनच्या, डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी जाळी असते. ती सांठलेली काजळी जाळून स्वच्छ होण्यास गाडी मधून मधून मोठ्या रस्त्यावर सलग चालवावी लागते. घर ते मळा एवढ्याच फेऱ्या केल्यास जाळी तुंबते. दिवा लागला कीं दुर्लक्ष करूं नये, व जाळी काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिल्यास ऐकूं नये.

गतवर्षींचा आमचाच अनुभव सांगतों. आमची भारत स्टेज-४ ची गाडी तपासणीस नेली तेव्हां आंकडा ५८ आला. तेथील मनुष्यानें, थोडे अधिक दिल्यास गाडी न लावतांच कागद करून देतों, असें सुचविलें. मोह झाला, परंतु परत आलों. पाहतों तों हवेचा फिल्टर धुळीनें गच्च भरलेला. तो बदलला, वंगण तेल बदललें, अर्धा तास गाडी रस्त्यावर चालविली व पुन्हां गेलों. आंकडा ३४ आला. पुढें डिझेलही कमी लागूं लागलें. विकतचा कागद घेतला असता तर तें डिझेल वर्षभर धूर होऊन गेलें असतें.

तपासणीपूर्वीं वंगण तेलाची पातळी व पट्टा अवश्य पाहावा, कारण त्या वेळीं इंजिन पूर्ण वेगानें फिरतें. थंड गाडी केंद्रावर नेऊं नये. मुदत संपण्याच्या पंधरा दिवस आधीं जावें, म्हणजे दोष निघाल्यास दुरुस्तीस अवकाश राहतो.

शेवटीं एक गोष्ट. २०१२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें डिझेलचा धूर मनुष्यास कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत गणला. सिद्धनाथाच्या रथोत्सवांत म्हसवडच्या गर्दींत उभी असलेली लेंकरें तोच धूर श्वासाबरोबर घेतात. तेव्हां तपासणी ही सरकारची कटकट न समजतां, बैलाच्या खुराची जशी आपण वेळच्या वेळीं काळजी घेतों, तशीच ही घरची काळजी समजावी, अशी शेतकरी बंधूंस विनंति आहे.