लहान जुन्या वाहनाने बोट ओढताना : उजनी जलाशयाच्या संदर्भात

२१ मे २०२४ रोजी कळाशी-कुगाव जलमार्गावर वादळात प्रवासी बोट उलटून उजनी जलाशयात सहा जणांचा मृत्यू झाला. अशा प्रसंगी शोधकार्याची बोट रस्त्याने काठापर्यंत न्यावी लागते. हाताशी असलेल्या लहान, जुन्या वाहनाने ती कितपत सुरक्षितपणे ओढता येईल, याचा प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

उदाहरणादाखल १९८५ साली बाजारात आलेली मारुती जिप्सी घेऊ. तिचे स्वतःचे वजन सुमारे एक टन. ओढण्याची ताकद हा येथे मुख्य प्रश्न नव्हेच. प्रश्न आहे तो थांबण्याचा. ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक नसेल तर उतारावर मागचा भार हलक्या, आखूड वाहनाला पुढे रेटतो आणि वळणावर आडवे फिरवू पाहतो. म्हणून ब्रेकविरहित ट्रेलर बोटीसह वाहनाच्या निम्म्या वजनाहून जड नसावा. या भाराचा सुमारे दहावा हिस्सा जोडणीच्या टोकावर पडावा लागतो. बोटीचे इंजिन मात्र मागच्या टोकाला असते. त्यामुळे पुढचा भार हलका होऊन ट्रेलर झुलू लागतो. निघण्यापूर्वी बोटच ट्रेलरवर थोडी पुढे सरकवून बांधावी. वाटेत झुलणे सुरू झालेच, तर ब्रेक जोराने न दाबता वेग आपोआप उतरू द्यावा.

उन्हाळ्यात पाणी मागे हटून काठावर गाळ उघडा पडतो. तेथे चारही चाकांना शक्ती देणारी जोड उपयोगी पडते. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र ती सोडवावी. धावून तापलेली ट्रेलरची चाके लगेच पाण्यात उतरवल्यास बेअरिंग एकदम थंड होऊन पाणी आत ओढून घेतात.