एआय एजंटसाठी साधनाचे दस्तऐवजीकरण : ‘आरसिंक’ या विदा-समक्रमण साधनाच्या संदर्भात

प्रस्तावना

महाविद्यालयातील अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, प्रवेशाची कागदपत्रे आणि संशोधनासाठी संकलित केलेली सामग्री बहुधा एकापेक्षा अधिक संगणकांवर जतन केली जाते. या प्रती परस्परांशी जुळत्या ठेवण्याच्या क्रियेस विदा-समक्रमण असे म्हणतात. आजवर हे काम विभागातील एखादा जाणकार सहकारी करीत असे. आता ‘एआय एजंट’, म्हणजे दिलेले उद्दिष्ट समजून घेऊन स्वतः आज्ञा रचणारी व ती अमलात आणणारी संगणकप्रणाली, अशी कामे करू लागली आहे. अशा वाचकासाठी साधनाची माहितीपुस्तिका कशी लिहावी, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

आरसिंकचे कार्य

अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये ‘आरसिंक’ हे साधन जाहीर केले. आकारमान आणि शेवटच्या बदलाची वेळ या दोन गोष्टी जुळल्यास फाईल बदललेली नाही, असे ते सर्वसाधारणपणे गृहीत धरते. दोन संगणकांमधील व्यवहारात बदललेल्या फाईलचाही केवळ वेगळा भाग पाठविला जातो. त्यासाठी जुन्या प्रतीचे समान तुकडे पाडून प्रत्येकाची पडताळणी-संख्या काढली जाते व नव्या प्रतीत तेच तुकडे शोधले जातात. हे समक्रमण एकदिश असते. म्हणजे मूळ स्थानावरून गंतव्य स्थानाकडेच बदल जातात.

एका तिरप्या रेघेचा परिणाम

समजा, ‘गुण’ या फोल्डरची प्रत ‘राखीव’ या फोल्डरमध्ये घ्यावयाची आहे आणि तेथे ‘प्रवेश’ हे दुसरे फोल्डर आधीपासून आहे. आज्ञेत ‘गुण’ असे लिहिल्यास ‘राखीव’मध्ये ‘गुण’ हे फोल्डर तयार होते. नावापुढे तिरपी रेघ देऊन ‘गुण/’ असे लिहिल्यास मात्र फोल्डर न जाता केवळ त्यातील फाईली थेट ‘राखीव’मध्ये जातात. सोबत ‘डिलीट’ हा पर्याय दिला असेल, तर मूळ स्थानी नसलेली प्रत्येक गोष्ट गंतव्य स्थानावरून काढली जाते. साहजिकच ‘प्रवेश’ नष्ट होते. एका चिन्हाने प्रवेशाची सर्व कागदपत्रे जाऊ शकतात.

प्रस्तुत लेखकाच्या हातून विभागाच्या प्रती घेताना हीच चूक झाली होती. चाचणी-फेरीत अनोळखी नावे दिसली, मन साशंक झाले आणि काम तेथेच थांबविले. पुस्तिकेतील उणीव मनुष्य अशा रीतीने अनुभवाने भरून काढतो. एजंटकडून ही शंका गृहीत धरता येत नाही. म्हणून ती दस्तऐवजातच लिहिलेली असावी लागते.

दस्तऐवजात काय असावे

१) समक्रमणाची दिशा आणि तिरप्या रेघेचा अर्थ उदाहरणासह प्रारंभीच द्यावा.

२) विनाशकारी पर्यायाचा परिणाम त्या पर्यायाच्या वर्णनातच सांगावा. मूळ फोल्डर काही कारणाने रिकामे असेल, तर ‘डिलीट’मुळे गंतव्य फोल्डरही रिकामे होते, हे स्पष्ट नमूद करावे.

३) प्रत्यक्ष आज्ञेपूर्वी ‘ड्राय-रन’ ही चाचणी-फेरी बंधनकारक करावी आणि ‘मॅक्स-डिलीट’ने काढावयाच्या फाईलींची कमाल संख्या ठरवावी.

४) समाप्ति-संकेतांचा अर्थ व पुढील कृती एकत्र द्यावी. ० म्हणजे यश. २३ म्हणजे त्रुटीमुळे अपूर्ण स्थानांतर. २४ म्हणजे काम चालू असताना मूळ फाईली नाहीशा झाल्यामुळे अपूर्ण स्थानांतर. २५ म्हणजे काढण्याची मर्यादा संपली. २५ आल्यावर मर्यादा वाढवून आज्ञा पुन्हा देऊ नये, तर संबंधित व्यक्तीस विचारावे, असा निर्देश हवा.

मर्यादा

अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’मध्ये पुढे साधन केवळ वाचणारे आहे की विनाशकारी, हे दर्शविण्याची सोय झाली. परंतु हे केवळ संकेत होत; त्यांनी संरक्षण मिळत नाही. उत्तम दस्तऐवजासही हीच मर्यादा आहे. म्हणून एजंटला आवश्यक तेवढेच अधिकार द्यावेत आणि त्याच्या आवाक्याबाहेर एक स्वतंत्र प्रत ठेवावी.

निष्कर्ष

मनुष्यासाठी लिहिलेल्या पुस्तिकेत साधन काय करू शकते हे सांगितले की बव्हंशी भागत असे. एजंटसाठी लिहिताना कोठे थांबावे आणि कोणास विचारावे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगणे आवश्यक ठरते. आज्ञा यंत्राने दिली तरी गमावलेल्या गुणनोंदींचे उत्तर विद्यार्थ्यांना शिक्षकासच द्यावे लागते. त्यामुळे असा दस्तऐवज तयार करणे हे केवळ तंत्रज्ञाचे काम न मानता, ज्यांच्या नोंदी पणाला लागतात त्या विभागांनीही त्यात सहभागी झाले पाहिजे.