घरचा कर्ता माणूस गेल्यावर विम्याचे दोन लाख कुणाला कळणार? एक वही आजच करा

घरातलं बँकेचं पासबुक काढा आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातल्या नोंदी बघा. ४३६ रुपये आणि २० रुपये कटलेले दिसतात का? कट्ट्यावर बसलं की बरेच जण म्हणतात, बँकेनं उगाच पैसे कापले. ते उगाच नाहीत, तो विमा आहे. एक दोन लाखांचा आणि दुसराही दोन लाखांचा.

अडचण पुढंच आहे. ज्याच्या खात्यातून हप्ता कटतो तोच माणूस गेला, तर मागं राहिलेल्यांना या विम्याचा पत्ताच नसतो. दहावा-तेरावा होतो, पाहुणे जातात, पासबुक ट्रंकेत पडून राहतं. बँक स्वतःहून घरी येऊन पैसे देत नाही, दावा घरच्यांनीच करायचा असतो. म्हणून कोणता कागद कुठून काय मिळवून देतो, ते समजून घेऊ.

४३६ आणि २० रुपयांचा हिशोब

४३६ रुपये म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा. वय १८ ते ५० असताना घेता येतो आणि हप्ता भरत राहिलं तर ५५ पर्यंत चालतो. मृत्यू आजारानं होवो की अपघातानं, वारसाला २ लाख मिळतात. विमा नवा घेतला असेल तर पहिल्या ३० दिवसांत फक्त अपघाती मृत्यूचेच पैसे मिळतात. मध्ये बंद पडून पुन्हा चालू केला तरी हीच अट.

२० रुपये म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा. हा फक्त अपघाताचा, वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, अंशतः कायमचं अपंगत्व आलं तर १ लाख.

दोन्ही विम्यांचं वर्ष १ जून ते ३१ मे. मे अखेरीला खात्यात पैसे नसतील तर हप्ता कटत नाही आणि विमा बंद पडतो. त्या आठवड्यात खात्यात पाचशे रुपये तरी राहू द्या. दोन बँकांत खाती असतील तरी विमा एकाच खात्यावरून घ्या, पैसे एकदाच मिळतात.

जनधन खात्याच्या रुपे कार्डावरही अपघात विमा असतो. खातं २८ ऑगस्ट २०१८ नंतरचं असेल तर २ लाख, त्याआधीचं असेल तर १ लाख. पण अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत ते कार्ड एकदा तरी वापरलेलं पाहिजे. कार्ड नुसतं डब्यात ठेवून उपयोग नाही.

शेतात अपघात झाला तर

वीज पडली, साप चावला, मोटर चालू करताना शॉक लागला, विहिरीत पडला, फवारणी करताना विषबाधा झाली, तर राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. हप्ता काही नाही. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला खातेदार नसलेला एक जण, वय १० ते ७५. मृत्यूला २ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात ३० दिवसांच्या आत द्यायचा. दुःखात हे ३० दिवस कसे जातात ते कळत नाही, म्हणून भावकीतल्या एका जाणत्या माणसानं ही जबाबदारी अंगावर घ्यावी.

आता एक कटू गोष्ट. अपघात झाल्यावर आपल्याकडं म्हणतात, "पोलिसात कशाला जायचं, पीएम कशाला करायचं, माणूस तर गेलाच." भावना समजते. पण पोलिसांचा पंचनामा आणि पीएमचा रिपोर्ट नसेल तर मृत्यू अपघातानं झाला हे सिद्ध करणं फार अवघड होतं. मग त्या बाईच्या आणि लेकरांच्या हक्काचे पैसे अडकतात.

मृत्यूचा दाखला सगळ्यात आधी

मृत्यूची नोंद २१ दिवसांत मोफत होते. उशीर केला तर विलंब शुल्क आणि प्रतिज्ञापत्रं लागतात, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. मृत्यू गावात झाला असेल तर ग्रामपंचायतीत, शहरातल्या दवाखान्यात झाला असेल तर नोंद तिथंच होते. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच काढून घ्या, प्रत्येक टेबलावर तोच मागतात.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

यावरून भावाभावांत भांडणं लागतात. बँकेच्या खात्यावर नॉमिनी असेल तर मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र दाखवून बँक त्याच्या हातात पैसे देते. पण तो ते पैसे वारसांच्या वतीनं घेतो. मालकी वारसांची. हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलं, मुली आणि आई असे सगळे वारस. लग्न झालेली मुलगीही त्यात आली.

नॉमिनीच नसेल तर वारसांचे कागद आणि सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरावं लागतं. कित्येक खाती लग्नाआधीची असतात आणि नॉमिनी म्हणून वडिलांचं नाव असतं, जे आता हयात नाहीत. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात. बँकेत गेलात की विचारा, "माझ्या खात्याला नॉमिनी कोण आहे?"

सातबाऱ्याला वारस लावणं

खातेदार गेल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडं (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वारस नोंदीचा अर्ज द्यायचा असतो. ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइनही देता येतो. नोंद झाली नाही तर पीक कर्ज, पीएम किसान, अनुदान, सगळं मयताच्या नावावर अडून बसतं. वारसांत कुणाचं नाव लपवू नका. आज लपवलेलं बहिणीचं नाव दहा वर्षांनी कोर्टात निघतं.

कर्जाचं काय?

मयताच्या स्वतःच्या कर्जाची जबाबदारी वारसांवर येते ती वारसानं मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. जामीनदार म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून कुणी दारात येऊन "तुझ्या बापाकडं माझे लाख रुपये होते" म्हणालं, तर आधी कागद मागा.

वहीत काय लिहायचं

दोनशे पानी वही नको, लेकराची जुनी अर्धी वही चालेल. त्यात एवढं लिहा:

• कोणत्या बँकेत, पोस्टात, पतसंस्थेत खातं आणि ठेव आहे, नॉमिनी कोण
• कोणता विमा आहे, हप्ता कोणत्या खात्यातून आणि कधी कटतो
• गट नंबर, क्षेत्र आणि मूळ कागद कुठं ठेवलेत
• सोसायटीचं, बँकेचं, सोन्यावरचं कर्ज, कृषी केंद्राची उधारी
• आपण कुणाला जामीन आहोत
• आपले पैसे कुणाकडं येणे आहेत

एटीएमचा पिन, ओटीपी, मोबाईलचा पासवर्ड वहीत लिहू नका. माणूस गेल्यावर त्याच्या कार्डानं पैसे काढूही नका. बाकीच्या वारसांनी तक्रार केली तर अंगाशी येतं.

वही कपाटात ठेवा, पण ती कुठं आहे हे बायकोला आणि एका मोठ्या लेकराला माहीत पाहिजे. जी माहिती फक्त एकाच्या डोक्यात आहे ती त्याच्याबरोबर जाते. काही लोक म्हणतील, असलं अभद्र कशाला बोलायचं. पण आपण पेरणीच्या आधीच पीक विमा भरायचा विचार करतो, तो काय पीक बुडावं म्हणून नाही.

दाव्याचा फॉर्म बँकेत फुकट मिळतो. "दोन लाख काढून देतो, वीस हजार लागतील" असं कुणी म्हणालं तर त्याला दारातूनच वाटं लावा. बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाणारच आहात, तर पासबुक सोबत घ्या, भरून आणा आणि नॉमिनीचं नाव तपासा. संध्याकाळी घरी आल्यावर वहीचं पहिलं पान लिहा, आणि लिहिताना बायकोला शेजारी बसवा.